वाचकांचे प्रश्न : कवार्थवाची हवेली कशी पाहावी?

वेल्समधील मर्थर टिडविल या गावी क्रॉशे घराण्याची कवार्थवा कॅसल ही हवेली आहे. एकेकाळच्या लोखंड कारखानदाराच्या या घरात आता स्थानिक इतिहासाचे संग्रहालय आहे. या हवेलीविषयी काही वाचकांची पत्रे आली असून त्यांना एकत्रच उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमचा मुलगा कार्डिफला शिकतो. येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. कवार्थवा कॅसल पाहावे, असे त्याने सुचवले आहे. परंतु हा खराखुरा किल्ला नसून जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे एका धनिकाचे घर आहे, असेही ऐकतो. त्यासाठी पूर्ण दिवस द्यावा का?

उत्तर : अवश्य द्यावा. मर्थर कार्डिफच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि थेट आगगाडीने तासाभरात तेथे पोहोचता येते. आपण ऐकले ते खरे आहे. बुरूज आणि तटाचे कंगोरे असले, तरी येथे लढाई कधी झाली नाही आणि व्हावी म्हणून ही वास्तू बांधलीही नव्हती. विल्यम क्रॉशे दुसरा याने रॉबर्ट लूगर या वास्तुरचनाकाराकडून १८२४-२५ मध्ये ती बांधून घेतली आणि तिच्यावर सुमारे ३०,००० पौंड खर्च झाले, असे सांगितले जाते. इतका पैसा घरावर घालणे लंडनमध्ये बसून व्यवहार पाहणाऱ्या त्याच्या वडिलांना मुळीच रुचले नव्हते.

या हवेलीचे खरे वैशिष्ट्य तिच्या बुरुजांपेक्षा तिच्या जागेत आहे. पैसा हाती आला की कारखान्याचा धूर आणि गोंगाट मागे टाकून दूर कुठेतरी स्वच्छ हवेत घर बांधावे, असे पुष्कळ कारखानदारांना वाटे. क्रॉशेने मात्र टॅफ नदीच्या खोऱ्यात, पलीकडे आपला कारखाना समोर दिसेल अशाच उंचवट्यावर घर उभे केले. झोतभट्ट्या, म्हणजे हवेचा झोत सोडून खनिजातून लोखंड वितळवून काढणाऱ्या भट्ट्या, रात्रंदिवस चालू ठेवाव्या लागत, कारण एकदा विझलेली भट्टी पुन्हा पेटवणे फार खर्चाचे होते; त्यामुळे अंधार पडल्यावर दिवाणखान्यातून समोरचे आकाश तांबडे दिसत असणार. बागेतला तलावही केवळ शोभेचा नव्हता, कारण त्याचे पाणी कारखान्याच्या उपयोगी पडत असे. घर आणि कारखाना एकाच हिशोबात बसवलेले होते, हे या तलावाच्या काठावर उभे राहिले की चटकन पटते.

म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी, की हवेलीत थेट शिरू नये. आधी नदीपलीकडच्या जुन्या भट्ट्यांचे अवशेष पाहावेत. तेथे अगदी आतपर्यंत जाता येईलच असे नाही, परंतु दगडी बांधकामाची ती प्रचंड रांग बाहेरून पाहिली तरी तिचा आवाका लक्षात येतो. जवळच वॉटकिन जॉर्ज याने १७९३ मध्ये उभारलेला ओतीव लोखंडाचा एक लहानसा पूल आहे. कारखान्याकडे जाणारे पाणी आणि मालाच्या गाड्यांचे रूळ अशा दोन्ही गोष्टी तो एकाच वेळी वाहून नेत असे. जॉर्ज मूळचा सुतार होता आणि ते या पुलाच्या सांध्यांवरून ओळखू येते, कारण लाकडात खाच पाडून जीभ बसवावी त्या पद्धतीने लोखंडाचे भाग एकमेकांत अडकवलेले आहेत. नवे साहित्य हाती आले, परंतु हात अजून जुन्या कसबाने चालत होता, असा तो काळ या सांध्यांत दिसतो, आणि मला विचाराल तर संपूर्ण मर्थरमध्ये याहून बोलकी वस्तू नाही.

त्यानंतर चॅपल रो येथील कामगारांच्या घरांकडे वळावे. कंपनीने ही घरे हवेलीच्याच सुमारास, १८२५ मध्ये बांधली. त्यांपैकी चार क्रमांकाच्या घरात पुढे संगीतकार म्हणून नावारूपाला आलेला जोसेफ पॅरी १८४१ मध्ये जन्मला. लहानपणीच तो खाणीत आणि मग कारखान्यात कामाला लागला आणि १८५४ मध्ये त्याचे कुटुंब अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील डॅनव्हिल या लोखंडाच्याच गावी गेले. हे घर आता त्या काळच्या साध्या सामानासह जपलेले आहे. एकाच मालकाने एकाच सुमारास बांधलेल्या या दोन वास्तू एका दिवसात पाहायला मिळतात, आणि चॅपल रोची ठेंगणी खोली डोळ्यांपुढे असताना हवेलीच्या उंच छताखाली उभे राहिले म्हणजे त्या छताचा अर्थच बदलतो.

प्रश्न : अशा संग्रहालयांत चिनी मातीची भांडी आणि तैलचित्रे यांचीच गर्दी असते, असा माझा अनुभव आहे. येथे नेमके काय पाहावे?

उत्तर : भांडी येथेही आहेत आणि स्वॉन्झी व नँटगारू येथील नाजूक पोर्सलिनची आवड असणाऱ्यांनी ती सावकाश पाहावीतही. मी मात्र सर्वप्रथम पेन्री विल्यम्सच्या चित्रांकडे नेईन. हा मर्थरचाच मुलगा. क्रॉशेच्या आश्रयाने तो चित्रकार झाला आणि पुढे आयुष्याचा मोठा काळ रोममध्ये राहिला. कवार्थवा कारखान्याचा रात्रीचा अंतर्भाग दाखवणारे त्याचे १८२५ चे जलरंगातील चित्र पाहताना घाई करू नये. उंच छपराखाली सगळीकडे काळोख आहे आणि उजेड येतो तो केवळ तापलेल्या लोखंडातून. त्या उजेडात माणसे इवलीशी दिसतात. झोतभट्टीतून निघालेले ओतीव लोखंड कठीण असले तरी ठिसूळ असते. ते पुन्हा वितळवून लांब सळईने सतत ढवळायचे, त्यातला कार्बन जाळून काढायचा आणि घट्ट झालेला गोळा ठोकून व लाटून घडीव लोखंड करायचे, ही रीत हेन्री कॉर्टने शोधली. विल्यमचा आजोबा रिचर्ड क्रॉशे याने ती कवार्थवामध्ये आणून मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखवली. ढवळण्याचे काम करणाऱ्याला भट्टीच्या तोंडाशी तासन्‌तास उभे राहावे लागे आणि लोखंड केव्हा 'आले' हे त्याच्या नजरेलाच कळे. हे माहीत असले की चित्रातल्या इवल्या आकृत्यांकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बँडची वाद्ये. विल्यमचा मुलगा रॉबर्ट टॉम्प्सन क्रॉशे याने १८३८ मध्ये कवार्थवाचा पितळी वाद्यांचा बँड सुरू केला. या बँडची वाद्ये आणि हस्तलिखित स्वरलिप्या आजही शिल्लक आहेत. इतक्या जुन्या बँडचा असा संग्रह टिकणे दुर्मिळच. त्या स्वरलिप्या सोप्या नाहीत. युरोपातील उत्तम संगीत ही मंडळी वाजवत असत. मालकाच्या हौसेसाठी बँड निघाला हे खरे असले, तरी वाजवणाऱ्यांचे कसब त्यांचे स्वतःचे होते, हे विसरू नये.

प्रश्न : मी इतिहास शिकवते. १८३१ च्या मर्थरच्या उठावाविषयी वाचले आहे. ज्याच्यामुळे कामगार भडकले त्याच्याच घरातील संग्रहालय तो इतिहास प्रामाणिकपणे कसा सांगणार?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर हवेलीच्या पुढील इतिहासात मिळते. त्याआधी इतर वाचकांसाठी थोडक्यात हकीकत सांगतो.

कारखान्यांमुळे मर्थरची वस्ती भरमसाट वाढली होती. १८०१ मध्ये सुमारे ७,७०० असलेली लोकसंख्या १८५१ पर्यंत ४६,००० च्या पुढे गेली. गटारे आणि पिण्याचे पाणी यांची सोय मात्र त्या मानाने जवळजवळ झालीच नाही, आणि १८४९ च्या पटकीच्या साथीत येथे १,००० हून अधिक माणसे दगावली. १८३१ मध्ये लोखंडाचे भाव पडल्यावर क्रॉशेने मजुरी कमी केली. त्याच सुमारास लहानसहान कर्जांच्या वसुलीसाठी असलेल्या न्यायालयाचे लोक कामगारांच्या घरातील चीजवस्तू उचलून नेत होते. जून महिन्यात लोकांनी जप्त झालेल्या वस्तू ज्याच्या त्याला परत मिळवून दिल्या आणि न्यायालयाचे दप्तर जाळले. मग कॅसल इन या सरायीसमोर जमलेल्या जमावावर सैनिकांनी गोळीबार केला आणि त्यात किमान १६ माणसे मेली. नावातील साम्यामुळे अनेकांचा घोटाळा होतो, म्हणून सांगतो, की ही सराय शहरात होती आणि हवेलीपासून अगदी वेगळी होती. या उठावात लाल निशाण कामगारांच्या लढ्याचे चिन्ह म्हणून ब्रिटनमध्ये प्रथम फडकले, असे मानले जाते.

डोनाल्ड ब्लॅक या सैनिकाला जखमी केल्याच्या आरोपावरून रिचर्ड लुइस याला १३ ऑगस्ट १८३१ रोजी कार्डिफमध्ये फाशी देण्यात आले. लोक त्याला डिक पेंडेरिन म्हणत. आपण निर्दोष आहोत, असे तो शेवटपर्यंत सांगत होता आणि 'हे प्रभू, हा अन्याय आहे' या अर्थाचे त्याचे वेल्श भाषेतील शेवटचे उद्गार वेल्समध्ये अजून सांगितले जातात. पुढे १८७४ मध्ये अमेरिकेत मरणशय्येवर असलेल्या एका माणसाने तो वार आपण केल्याची कबुली दिली. शिकवताना एक गोष्ट अवश्य सांगावी, की विल्यम क्रॉशे स्वतः संसदीय सुधारणांचा पुरस्कर्ता होता. मतदानाच्या हक्काबाबत उदार असलेला माणूस मजुरीच्या बाबतीत तसा असेलच असे नाही, आणि हा विरोधाभास झाकला की उठावाचा इतिहास चांगला आणि वाईट अशा दोनच रंगांत उरतो.

आता आपल्या मूळ शंकेकडे वळू. क्रॉशे घराणे हवेली सोडून गेल्यानंतर ती नगरपरिषदेने विकत घेतली, १९१० मध्ये तिच्या एका भागात संग्रहालय उघडले आणि १९१३ पासून उरलेल्या भागात शाळा भरू लागली. म्हणजे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी भट्टीवर काम केले त्यांचीच मुले मालकाच्या दालनांत, तेही अनेक दशके, शिकली. हे संग्रहालय क्रॉशे घराण्याचे स्मारक म्हणून निघालेच नाही. ते गावाचे आहे आणि म्हणून मालकाच्या वैभवाबरोबर कामगारांचा लढाही तेथे जागा मागू शकतो. तरीही आपला आक्षेप मी पूर्णपणे खोडून काढणार नाही. कोरीव आणि मढवलेल्या वस्तू टिकतात, पण मजुराचा अंगरखा झिजून जातो. त्यामुळे कोणत्याही अशा घरात पारडे मालकाकडे झुकतेच. विद्यार्थ्यांना नेत असाल तर प्रत्येक दालनात एकच प्रश्न विचारायला सांगा: येथे कोणाची वस्तू असायला हवी होती आणि ती का नाही?

प्रश्न : क्रॉशे घराण्याचे पुढे काय झाले?

उत्तर : 'लोखंडाचा राजा' म्हणून ओळखला गेलेला रॉबर्ट टॉम्प्सन क्रॉशे हा या हवेलीत राहून कारभार पाहणारा शेवटचा मोठा कारखानदार. त्याला छायाचित्रणाचा विलक्षण नाद होता आणि मुलीला नाना वेशांत बसवून काढलेली त्याची चित्रे प्रसिद्ध आहेत. जगात पोलादाचा जमाना सुरू झाला तरी त्याने घडीव लोखंड सोडले नाही आणि कामगार संघटनांशी तडजोड करण्यापेक्षा १८७० च्या दशकात भट्ट्या बंद ठेवणे त्याने पत्करले. त्याचा फटका अर्थातच गावाला बसला. १८७९ मध्ये तो वारला. व्हेनर येथील चर्चच्या आवारात त्याच्या कबरीवर एक अवजड शिळा असून तिच्यावर 'देवा, मला क्षमा कर' एवढेच शब्द कोरले आहेत. मुलांनी पुढे पोलादाकडे वळून पाहिले, पण कारखाना पूर्वपदाला आला नाही आणि पहिल्या महायुद्धानंतर कायमचा बंद झाला.

रॉबर्टची पत्नी रोझ मेरी हिचे नाव मात्र त्याच्या सावलीत राहू नये, असे मला मनापासून वाटते. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून १८६६ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अर्जावर तिची सही आहे. सर्वसामान्यांसाठी मोफत वाचनालये तिने उघडली आणि शाळा मंडळावर निवडून आलेल्या वेल्समधील पहिल्या काही स्त्रियांत तिची गणना होते. पतीने भट्ट्या थंड केल्या त्याच दशकात ती मुलींच्या शिक्षणासाठी खटपट करत होती. हवेलीत तिच्याविषयी जे काही दिसेल ते थांबून वाचावे.

प्रश्न : वयस्कर आई बरोबर असेल. काय काळजी घ्यावी?

उत्तर : हवेली दोनशे वर्षांची असल्यामुळे दुरुस्तीसाठी तिचा काही भाग कधीकधी बंद असतो आणि चॅपल रोचे घर ठरावीक दिवशीच उघडते, तेव्हा दोन्हींचे दिवस व वेळा आधी विचारून घ्याव्यात. चढ-उतार झेपत नसतील तर भट्ट्यांकडची वाट आईंना टाळू द्यावी. तलावाकाठी बसूनही पलीकडचे खोरे त्यांना चांगले दिसेल. मर्थरला पाऊस केव्हाही येतो, त्यामुळे छत्री बरोबर ठेवावी.