वाचकांचे प्रश्न : एच-इंडेक्स ४२ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : माझ्या मुलीने जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. केले असून तिला प्रतिपिंडांवर, म्हणजे अँटिबॉडींवर, पीएच.डी. करायची आहे. तिने दोन मार्गदर्शक पाहिले आहेत. एका सरांच्या नावापुढे १६० शोधनिबंध, ७,००० सायटेशन्स आणि एच-इंडेक्स ४२ असे आकडे दिसतात. दुसऱ्या मॅडमचे निबंध ३१ आणि एच-इंडेक्स १४. घरात सगळ्यांचा कल सरांकडे आहे. या आकड्यांवर किती विसंबावे?
– एक पालक, सांगली

उत्तर : एखाद्या शोधनिबंधाचा दुसऱ्या निबंधाच्या संदर्भसूचीत उल्लेख झाला, की पहिल्याच्या खात्यावर एक सायटेशन जमा होते. एच-इंडेक्स ४२ याचा अर्थ असा, की त्या संशोधकाच्या एकूण निबंधांतील ४२ निबंधांचा प्रत्येकी निदान ४२ वेळा उल्लेख झालेला आहे. हे माप कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली सुचवले. एखाददुसऱ्या गाजलेल्या निबंधामुळे दिशाभूल होऊ नये आणि कामातले सातत्य दिसावे, हा त्यांचा हेतू रास्त होता. परंतु त्यामुळेच या मापाला शिखरे दिसत नाहीत. ज्याने आयुष्यात पाचच निबंध लिहिले आणि त्या प्रत्येकाचा दहा हजार वेळा उल्लेख झाला, त्याचा एच-इंडेक्स पाचच राहतो.

आपल्या मुलीच्या क्षेत्राचा इतिहासच या बाबतीत बोलका आहे. ७ ऑगस्ट १९७५ रोजी ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेतील जॉर्ज कोलर आणि सेसार मिलस्टाइन यांचा जेमतेम तीन पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. तोवर विशिष्ट प्रतिपिंड हवे असेल तर ज्याविरुद्ध ते हवे तो पदार्थ प्राण्याला टोचून त्याचे रक्त काढावे लागे, आणि त्यात नाना प्रकारच्या प्रतिपिंडांची सरमिसळ असे. सर्पविषावरचे औषध घोड्यांच्या रक्तापासून तयार होते, ते याच पद्धतीने. या दोघांनी मेंढीच्या तांबड्या पेशी टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी घेतल्या आणि अखंड वाढत राहणाऱ्या मायलोमा या कर्करोगाच्या पेशींशी त्यांचा संकर केला. त्यातून एकाच पेशीचा वंश आणि एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले. हीच मोनोक्लोनल प्रतिपिंडे. १९८४ साली नील्स येर्ने यांच्याबरोबर दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्राचे पेटंट घेतले गेले नाही, आणि मिलस्टाइन यांनी आपल्या पेशी मागणाऱ्या प्रयोगशाळांना पाठवल्या. या निबंधाचा उल्लेख हजारो वेळा झाला. तरी एच-इंडेक्सच्या हिशेबात त्याने मिलस्टाइन यांच्या खात्यावर घातलेली भर फार तर एका अंकाची आहे. (मिलस्टाइन आणि हिर्श, दोघेही मूळचे अर्जेंटिनाचे, हा योगायोग मला नेहमीच विलक्षण वाटतो.)

शिवाय एखादे तंत्र पुरते रुळले, की त्याच्या जनकाचा उल्लेख करणे लोक सोडून देतात. गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी किंवा रक्तगट तपासण्याचे द्रावण आज मोनोक्लोनल प्रतिपिंडांवर चालते, परंतु ती वापरताना १९७५ च्या निबंधाचा हवाला कोणी देत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ज्ञानाच्या अशा विरघळून जाण्याकडे फार पूर्वीच लक्ष वेधले होते.

उलट बाजूने आकडे फुगतातही. पद्धती सांगणारे निबंध आणि आढावा घेणारे लेख मूळ शोधांपेक्षा अधिक उद्धृत होतात. आजवर सर्वाधिक उद्धृत ठरलेला निबंध प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरचा, १९५१ सालचा आहे. प्रतिपिंडांच्या क्षेत्रात आणखी एक गोष्ट घडते. ज्यांच्याकडे एखादे उपयुक्त प्रतिपिंड असते, त्यांनी ते दुसऱ्या गटाला दिले की पुष्कळदा सहलेखक म्हणून त्यांचे नाव लागते. त्यात गैर काही नाही, पण १६० निबंधांपैकी किती त्या प्रयोगशाळेत घडले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. एच-इंडेक्स कधी उतरतही नाही. त्यामुळे तीस वर्षे आणि आठ वर्षे काम केलेल्या व्यक्तींची त्यावरून तुलना करणे हा सरळ अन्याय आहे.

मला याहून गंभीर वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. बाजारात मिळणारी अनेक प्रतिपिंडे ज्या प्रथिनाला चिकटावीत त्यालाच चिकटतात असे नाही, आणि अशा प्रतिपिंडांवर उभे राहिलेले निष्कर्षही वर्षानुवर्षे उद्धृत होत राहतात. २०१५ साली शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मधून अशी मागणी केली, की संशोधनात वापरायच्या प्रतिपिंडांची ओळख त्यांच्या जनुकीय क्रमाने, म्हणजे ती घडवणाऱ्या जनुकातील घटकांच्या क्रमाने, निश्चित करावी. तेव्हा आपल्या मुलीने दोन्ही मार्गदर्शकांचे अलीकडचे तीन-तीन निबंध मन लावून वाचावेत. ज्या पेशींमध्ये ते प्रथिन मुळातच नाही, त्यांवर प्रतिपिंड तपासले आहे का, त्याचा क्रम जाहीर केला आहे का, बाहेरच्या गटांनी ते वापरून तोच निकाल मिळवला आहे का आणि पहिल्या लेखकाच्या जागी विद्यार्थ्यांची नावे येतात का, हे तिने पाहावे. या कसोट्यांवर मॅडमचे ३१ निबंध उतरत असतील, तर मी माझ्या मुलीला त्यांच्याकडेच पाठवीन.

प्रश्न : एकाच संशोधकाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर जास्त आणि स्कोपसवर कमी का दिसतो?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : या दोन्ही शोधनिबंध आणि त्यांचे उल्लेख नोंदवणाऱ्या संगणकीय सूची आहेत, पण दोघांच्या जाळ्याचा विस्तार वेगळा आहे. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तके आणि छाननीपूर्वीचे मसुदेही मोजते, तर स्कोपस निवडक नियतकालिके आणि ग्रंथांपुरते मर्यादित राहते. त्यात आपल्याकडे नावांचा घोळ असतो. ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. कुलकर्णी’ अशा नावाखाली अनेकांचे काम एकत्र होते, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन खात्यांत विभागले जाते. २०१२ पासून मिळणारा ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक यासाठीच आहे. आपला पहिला निबंध पाठवण्यापूर्वी तो जरूर घ्यावा.