रानातल्या रस्त्यावर सायकलस्वार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : राधानगरीहून दाजीपूरकडे जाताना एका वळणावर गव्यांचा कळप अगदी समोर आला. आम्ही सतत घंटी वाजवली, तरी ते हलले नाहीत. आमचे काय चुकले? (कोल्हापूर)

उत्तर : घंटी वाजवायची होती ती वळणाच्या आधी. मोटारीचा आवाज जनावराला लांबूनच कळतो आणि बाजूला होण्यास त्याला अवधी मिळतो. सायकलस्वार मात्र पुढ्यात येऊन ठेपेपर्यंत त्याची चाहूल लागत नाही, आणि बहुतेक अपघातांचे मूळ या दचकण्यातच असते. कळप दिसल्यानंतर घंटी बंद ठेवावी, निदान शंभरेक मीटर मागे सरकावे आणि शेवटचे जनावर रस्ता ओलांडून झाडीत शिरेपर्यंत थांबावे. पुढचे गवे गेले म्हणून मधल्या फटीतून सायकल काढणे सर्वांत धोक्याचे, कारण मागे राहिलेले वासरू आणि त्याची आई यांच्या मधोमध आपण सापडतो. एकटा नर दिसला तर अधिकच अंतर ठेवावे. तो आडवा उभा राहून आपले अंग दाखवू लागला, फुरफुरला किंवा त्याने मान खाली घातली, तर तो आपल्याला मागे हटण्यास सांगत आहे असे समजावे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोच्या घरात जाऊ शकते.

गवा मुळात भित्रा प्राणी आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात वाट चुकून आलेला गवा गर्दी, आरडाओरडा आणि पाठलाग यांनी बिथरला, आणि अखेर पकडला गेल्यावर काही वेळातच त्याचा मृत्यू झाला. म्हणून रस्त्यात गवा दिसल्यावर मोबाइल घेऊन पुढे धावणाऱ्यांना आपणच थांबवावे, आणि त्याला निघून जाण्यासाठी एक बाजू पूर्ण मोकळी ठेवावी.

प्रश्न : मी ओतूर-जुन्नर परिसरात पहाटे साडेचारला सायकलिंग करतो. बिबट्या समोर आला तर जोरात पेडल मारून निघून जावे का? (जुन्नर)

उत्तर : आधी आपली वेळ बदलावी. या पट्ट्यात बिबट्या उसाच्या फडातच राहतो, तेथेच पिलांना जन्म देतो, आणि अंधारात, विशेषतः पहाटे आणि संध्याकाळी, त्याचा वावर वाढतो. पूर्ण उजाडल्यावर, दोघा-तिघांनी मिळून आणि आपसांत बोलत निघावे.

तरीही तो जवळ दिसलाच, तर पाठ फिरवून पळू नये. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभाव आहे. सायकलवरून उतरून ती स्वतःच्या आणि त्याच्या मध्ये आडवी धरावी, ताठ उभे राहावे, मोठ्या व ठाम आवाजात बोलत त्याच्यावरची नजर न काढता हळूहळू मागे सरकावे. वाकू नये आणि बसू नये, कारण खाली बसलेला माणूस त्याला लहान सावजासारखा दिसतो. याच कारणाने उसाला लागून पंक्चर काढत बसू नये. सायकल ढकलत वस्तीपर्यंत किंवा मोकळ्या माळापर्यंत न्यावी. ऊसतोडीच्या हंगामात फडात पिले आढळली तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिले त्याच जागी सुरक्षित ठेवली, तर आई बहुधा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते.

प्रश्न : चंद्रपूर भागात अस्वलाची भीती वाघापेक्षा जास्त सांगतात. ती खरी आहे का? (नागपूर)

उत्तर : खरी आहे. अस्वलाचे नाक तीक्ष्ण असले तरी नजर अधू असते. ते खाण्यात गुंतले, की माणूस जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि मग घाबरून ते थेट अंगावर येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात तेव्हा पहाटे ते झाडाखाली हमखास असते. त्या दिवसांत मोहाच्या झाडांजवळून जाताना लांबूनच आवाज करावा, आणि चढावर वेगाची भिस्त ठेवू नये. पिले पाठीवर घेतलेली मादी दिसली तर आल्या वाटेने परतावे.

प्रश्न : घाटातील माकडे आणि रस्त्यावरचे साप यांचे काय? (सातारा)

उत्तर : माकडांना खाऊ देऊ नये, खाद्याची पिशवी हँडलला न लटकवता बंद बॅगेत ठेवावी. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घेण्यासाठी दवाखाना गाठावा. घोणस संध्याकाळी तापलेल्या डांबरावर येते आणि वाळक्या पानांसारखी दिसते, म्हणून अंधार पडण्याआधीच दिवा लावावा. साप चावल्यास आवळून बांधू नये, कापू नये. हालचाल कमीत कमी ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात जावे. स्वतः सायकल चालवत मात्र जाऊ नये.