टेकडीवरचं श्रमदान: आधी पोच घ्या

‘पहिल्या रविवारी साठ जण, आता चौघं, आणि ऑफिस म्हणतं काम थांबवा.’ तुमची पोस्ट वाचून आमचीच टेकडी आठवली. चौघं टिकलेत ना? पुरे आहेत. खरा अडथळा वनखात्याच्या ऑफिसचा.

आमच्या वेळचे साहेब म्हणाले होते, "करा हो, चांगलं काम आहे, कागद कशाला?" मे महिन्यात त्यांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, "तुम्ही कोण?" अर्ज केला तर हद्दीची मोजणी मागितली. मोजणीला दुसऱ्या कार्यालयाचं पत्र हवं, आणि त्यांना आधी पहिल्याचं! यात दिवाळी गेली, गवत वाळलं. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, आम्हाला काढू दिली नाही, त्यांनीही काढली नाही. मार्चमध्ये वणवा लागला. रोपांशेजारी पाण्यासाठी पुरलेल्या बाटल्या वितळून खडकाला काळ्या चकत्यांसारख्या चिकटल्या होत्या. वर आम्हालाच विचारणा, ‘प्लास्टिक कुणी आणलं?’

तेव्हा गट नंबर, नकाशा, कोणत्या महिन्यात कोणतं काम, सगळं लिहून अर्ज बारनिशीत (ऑफिसात आलेले कागद नोंदवतात तिथे) द्या आणि पोच घ्या. जाळरेषेचा उल्लेख त्यात हवाच. राखीव वनात परवानगीशिवाय झाड तोडणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे, मग ते सुबाभळीसारखं बाहेरून आलेलं का असेना. मी वकील नाही, आणि हे वनजमिनीपुरतं. महापालिकेच्या बागेचे नियम वेगळे. साहेबांपेक्षा तुमच्या बीटच्या, म्हणजे त्या भागाच्या, वनरक्षकाशी ओळख ठेवा. रोज फिरतो तो.

आता माझं मत, पटलं तर घ्या. झाडं लावायची हौस आवरा. पुण्याकडच्या टेकड्यांचे माथे मुळात गवताळ. चंडोल तिथेच जमिनीवर घरटं करतो. त्या कातळावर वड-पिंपळ कशाला? गिरिपुष्प हे परदेशी झाड लावून आधीच पुरेशी हिरवी चादर घातलीय. त्यापेक्षा पावसात माती मऊ असताना घाणेरीची (लँटाना) झुडपं मुळासकट उपटा, फळं धरायच्या आत, नाहीतर पक्षी बिया नेतात. याला फोटो चांगला येत नाही, म्हणून गर्दीही होत नाही.

लावलेलं जगवायचं तर रोज चढणारे मॉर्निंग वॉकवाले धरा. पायथ्याशी पाच लिटरचे भरलेले कॅन ठेवायचे, जाताना एक वर न्यायचा. बस्स. त्यांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात ओढू नका, पळतात. आणि कोयता घेऊन चढताना परवानगीची झेरॉक्स खिशात असू द्या.