पतंगांना वटवाघळाची चाहूल कशी लागते आणि ते त्याच्या तावडीतून कसे निसटतात?

वटवाघूळ अंधारात भक्ष्य हेरण्यासाठी जे आवाज सोडते, ते बहुतेक २० ते १०० किलोहर्ट्‌झच्या दरम्यानचे, म्हणजे आपल्या कानांना न ऐकू येणारे असतात. अनेक जातींच्या पतंगांना मात्र ते नेमके ऐकू येतात. नॉक्टुइड कुळातील पतंगाचा कान डोक्यावर नसून छातीच्या मागच्या भागात, पंखांच्या बुडाशी असतो. एक पातळ पडदा, त्यामागे हवेची पोकळी आणि पडद्याला जोडलेल्या अवघ्या २ श्रवणपेशी, एवढाच त्याचा पसारा.

एवढ्याशा साधनावर हा जीव काय साधतो, हे मला खरोखर विलक्षण वाटते. कीटकांच्या मज्जासंस्थेचे अभ्यासक केनेथ रोडर यांनी या पेशींचे विद्युत्संकेत नोंदवून दाखवले की, त्यांपैकी अधिक संवेदनशील पेशी दूरचा क्षीण आवाजही टिपते, आणि वटवाघळाला पतंगाचा प्रतिध्वनी मिळण्याच्या कितीतरी आधी पतंग सावध होतो. आवाज क्षीण असेल तर तो उलट दिशेला वळून निघून जातो. पण शिकारी अगदी जवळ आला की वेडीवाकडी वळणे घेतो, गिरक्या मारतो किंवा पंख मिटून दगडासारखा जमिनीकडे कोसळतो, त्यामुळे पुढच्या क्षणी तो कुठे असेल याचा अंदाज वटवाघळाला बांधता येत नाही.

टायगर मॉथ गटातील काही पतंग तर स्वतःच श्रवणातीत टिकटिक करतात. कित्येकदा ती आपण बेचव असल्याची सूचना असते. बर्थोल्डिया ट्रायगोना ही जात मात्र तिच्या जोरावर वटवाघळाच्या प्रतिध्वनीतच गोंधळ माजवते.