गाठ नाही, तरी लिम्फोमा कसा?
धुळ्याच्या तुमच्या मामांचा ताप हटत नाही, रक्तातलं एलडीएच (पेशी मोडल्या की वाढणारं एन्झाइम) वाढलंय, गाठ मात्र कुठेच नाही. मग डॉक्टर चांगल्या कातडीचा तुकडा का मागतात? शंका रास्त आहे. इंट्राव्हॅस्क्युलर लिम्फोमा या रक्तपेशींच्या कर्करोगात बिघडलेल्या बी-पेशी (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) बारीक रक्तवाहिन्यांच्या आतच वाढतात; भिंत ओलांडायला लागणारी काही प्रथिनं त्यांच्यात बहुधा नसतात. म्हणून सीटी स्कॅनही साफ येऊ शकतो. पण मांडी-पोटाच्या धडधाकट दिसणाऱ्या त्वचेखाली, चरबीतल्या वाहिन्यांत या पेशी सापडू शकतात. तुकडा चरबीपर्यंत खोलच हवा, वरवरचा घेऊन भागत नाही. आपल्याकडे आधी टायफॉइड, टीबी बघतात (बरोबरच आहे, तेच जास्त आढळतात). मात्र मामा असंबद्ध बोलू लागले तर हा तुकडा काढायला उशीर करू नका. उपचार आहे: रिटुक्सिमॅब या औषधासह केमो. तुकड्याच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) मागून ठेवा. मुंबईला टाटात गेलात तर लागतील.