जोन हिक्सन यांना मिस मार्पलची भूमिका ७८ व्या वर्षी कशी मिळाली आणि त्यापूर्वी त्या काय करत होत्या?

अगाथा ख्रिस्ती यांच्या रहस्यकथांत खुनांचा छडा लावणारी वृद्ध खेडवळ बाई म्हणजे मिस मार्पल. बीबीसीच्या १९८०च्या दशकातील मिस मार्पल मालिकेत ही भूमिका करणाऱ्या अभिनेत्री जोन हिक्सन त्यापूर्वी कोठे होत्या, इतक्या उतारवयात त्यांच्याकडे ही भूमिका कशी आली, आणि मालिका पाहायची झाल्यास कोणत्या कथेपासून सुरुवात करावी, असे तीन प्रश्न आपण एकत्र विचारले आहेत. अगाथा ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्या आणि त्यांची पडद्यावरील रूपांतरे हा माझ्या जुन्या आवडीचा विषय असल्यामुळे सविस्तर लिहितो.

हिक्सन यांच्याविषयी बहुधा असे सांगितले जाते की, आयुष्यभर उपेक्षित राहिलेल्या एका अभिनेत्रीचे नशीब म्हातारपणी अचानक उघडले. मला हे कथन मान्य नाही. मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला तेव्हा त्यांनी रंगभूमीवर पन्नास वर्षांहून अधिक काळ काम केले होते, अमेरिकेतील टोनी हा नाट्यपुरस्कार मिळवला होता आणि ब्रिटिश चित्रपटांतील त्यांचा चेहरा प्रेक्षकांच्या पूर्ण परिचयाचा होता. त्यांचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नव्हते, कारण त्यांच्या वाट्याला नेहमी कथेच्या कडेला उभ्या असलेल्या बायकांच्या भूमिका येत. त्यांची मिस मार्पल इतकी खरी का वाटते, याचे उत्तर मला याच कडेच्या भूमिकांमध्ये सापडते.

त्यांचा जन्म ५ ऑगस्ट १९०६ रोजी इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनजवळच्या किंग्जथॉर्प येथे झाला. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या संस्थेत त्यांनी नाट्यशिक्षण घेतले आणि १९२७ पासून त्या व्यावसायिक रंगभूमीवर उभ्या राहू लागल्या. १९३२ मध्ये त्यांचा विवाह एरिक बटलर या डॉक्टरांशी झाला. त्यांना दोन मुले झाली. १९५८ पासून त्यांचे घर एसेक्स परगण्यातील विव्हनहो या नदीकाठच्या लहान गावात होते, आणि १९६७ मध्ये पती वारल्यानंतरही त्या अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही, आणि ते तसे असणे त्यांना आवडलेच असेल.

काम मात्र भरपूर होते. १९३०च्या दशकाच्या मध्यापासून त्या चित्रपटांत दिसू लागल्या आणि पुढे मोलकरणी, घरमालकिणी, मेट्रन, दुकानदारणी, चौकस शेजारणी, नाराज सासवा अशा छोट्या भूमिकांची त्यांच्या नावावर मोठी यादी झाली. ‘कॅरी ऑन’ या लोकप्रिय विनोदी चित्रपटमालेत त्या पाच वेळा आल्या, त्यांतील १९५९ च्या ‘कॅरी ऑन नर्स’मध्ये वॉर्डची सिस्टर म्हणून. १९६०च्या दशकात ‘अवर मॅन ॲट सेंट मार्क्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत त्या एका खेडेगावातील धर्मगुरूच्या घराची देखभाल करणाऱ्या मिसेस पीस होत्या. पीटर निकोल्स यांच्या ‘अ डे इन द डेथ ऑफ जो एग’ या नाटकावरील १९७२ च्या चित्रपटात त्यांनी साकारलेली आजी पाहिली, तर विनोदी भूमिकांपलीकडे त्यांचा आवाका किती होता ते समजते. अपंग नातीच्या आईवडिलांच्या घरी आलेली ही बाई प्रेमळही आहे आणि बोचरीही, आणि हिक्सन यांनी यांतील कोणतीही एक बाजू सोपी करून टाकलेली नाही.

पुढे ॲलन एकबोर्न यांचे ‘बेडरूम फार्स’ आले. लंडनच्या नॅशनल थिएटरने केलेल्या या नाटकात डीलिया आणि अर्नेस्ट हे वृद्ध जोडपे आपल्या लग्नाचा वाढदिवस साजरा करून घरी परततात आणि अंथरुणात बसून टोस्टवर मासे खातात. डीलियाची भूमिका हिक्सन यांची आणि अर्नेस्टची मायकेल गॉफ यांची होती. हे नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेले आणि १९७९ मध्ये या दोघांनाही सहायक भूमिकांसाठीचे टोनी पुरस्कार मिळाले. त्या वेळी हिक्सन ७२ वर्षांच्या होत्या. १९८१ मध्ये बीबीसीने डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ची मालिका केली, तीत त्या मिस हॅविशॅम झाल्या. लग्न मोडल्या दिवसापासून तोच पोशाख अंगावर ठेवून सूडाच्या भावनेने जगणारी ती स्त्री आणि तीनच वर्षांनी आलेली मिस मार्पल लागोपाठ पाहून घ्याव्यात, अशी माझी शिफारस आहे. दोघीही अविवाहित, वृद्ध आणि एका घराशी बांधलेल्या, परंतु एकीने जगाकडे पाठ फिरवलेली आहे आणि दुसरीला जगाविषयीच्या कुतूहलातून क्षणभरही सुटका नाही.

ख्रिस्ती यांच्या साहित्याशी हिक्सन यांचा संबंधही १९८४ पेक्षा फार जुना होता. ख्रिस्ती यांच्या एका कथेवर आधारलेल्या ‘लव्ह फ्रॉम अ स्ट्रेंजर’ या १९३७ च्या चित्रपटात त्यांनी मोलकरणीचे काम केले होते. १९४५ मध्ये ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’ हे ख्रिस्ती यांचे नाटक लंडनमध्ये आले, त्यातही त्या होत्या. ते पाहून खुद्द लेखिकेने त्यांना चिठ्ठी पाठवली आणि ‘आपण एक दिवस माझी लाडकी मिस मार्पल कराल अशी आशा आहे’ अशा अर्थाची इच्छा व्यक्त केली. हिक्सन तेव्हा चाळिशीलाही पोहोचल्या नव्हत्या. अशा वयाच्या अभिनेत्रीत लेखिकेला आपली वृद्ध नायिका दिसावी, हे मला आजही विलक्षण वाटते. ख्रिस्ती १९७६ मध्ये वारल्या, त्यामुळे ती इच्छा पूर्ण झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मधल्या काळात मिस मार्पल इतरांकडे गेली. १९६१ ते १९६४ या काळात मार्गारेट रदरफर्ड यांनी चार चित्रपट केले. ‘मर्डर, शी सेड’ हा त्यांतील पहिला, आणि योगायोग असा की, त्यात घरकाम करणाऱ्या मिसेस किडरच्या भूमिकेत हिक्सनच आहेत. हा चित्रपट ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ या कादंबरीवर बेतलेला आहे. कादंबरीत समांतर धावणाऱ्या आगगाडीतील खून मिस मार्पलची मैत्रीण मिसेस मॅकगिलिकडी पाहते, आणि संशयित घरात काम करायला लुसी आयल्सबॅरो ही हुशार तरुणी जाते. वय झालेली मिस मार्पल विचार करते आणि माहितीचे दुवे जुळवते. चित्रपटात मात्र खून पाहणारीही रदरफर्ड आणि मोलकरीण होऊन त्या घरात शिरणारीही रदरफर्डच. त्या थोर विनोदी अभिनेत्री होत्या; ख्रिस्ती यांना ते चित्रपट रुचले नसले, तरी १९६२ ची ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ ही कादंबरी त्यांनी आदरपूर्वक रदरफर्ड यांनाच अर्पण केली. पण ती धिप्पाड, दणदणीत आवाजाची मार्पल पुस्तकातील नव्हे. पुस्तकातील मिस मार्पल उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांची आणि निळ्या डोळ्यांची आहे. ती कोपऱ्यात विणत बसते, अर्धवट वाक्ये बोलते, आणि म्हणूनच तिच्यासमोर कोणी जीभ आवरत नाही.

बीबीसीने मालिकेचे ठरवले तेव्हा ही मूळ मार्पल पडद्यावर आणण्याचा निर्णय झाला आणि भूमिका हिक्सन यांच्याकडे आली. ‘द बॉडी इन द लायब्ररी’ १९८४ च्या नाताळात तीन भागांत दाखवली गेली. पुढच्या आठ वर्षांत मिस मार्पलच्या बाराही कादंबऱ्या पूर्ण झाल्या आणि डिसेंबर १९९२ मध्ये ‘द मिरर क्रॅक्ड’ने मालिका संपली, तेव्हा हिक्सन ८६ वर्षांच्या होत्या. एकाच अभिनेत्रीने सर्व बारा कादंबऱ्या पूर्ण करण्याला माझ्या दृष्टीने फार महत्त्व आहे, कारण त्यामुळे व्यक्तिरेखा आपल्या डोळ्यांसमोर थकत जाते आणि तिची बुद्धी मात्र तशीच राहते. मिस मार्पलच्या सेंट मेरी मीड या काल्पनिक गावासाठी हॅम्पशर परगण्यातील नेदर वॉलप हे खरे खेडे निवडले होते, आणि युद्धोत्तर इंग्लंडचा काळ कपडे, गाड्या, चहाची भांडी यांतून चोखपणे उभा केला होता.

हिक्सन यांचा अभिनय पाहताना त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या ऐकण्याकडे लक्ष द्यावे. दुसरे पात्र बोलत असताना त्या मान किंचित कलवतात, नजर खाली नेतात, आणि एखाद्या शब्दावर ती नजर झटकन वर येते. तेवढ्यावरून आपल्याला कळते की काहीतरी हाती लागले आहे. मोलकरीण, शेजारीण, मेट्रन अशा भूमिकांमध्ये नटाला बहुतेक वेळ दुसऱ्याचे बोलणे ऐकत उभे राहावे लागते, आणि ते जिवंतपणे करणे हीच अशा नटाची कसोटी असते. हिक्सन यांनी ती अनेक दशके दिली होती. नायिका म्हणून वाढलेली अभिनेत्री या जागी आली असती, तर प्रत्येक प्रसंगाचे केंद्र आपल्याकडे ओढण्याची सवय तिला आवरावी लागली असती. हिक्सन यांना तसे काही आवरावे लागत नाही. पोलीस अधिकारी स्लॅक, म्हणजे अभिनेते डेव्हिड होरोविच, या म्हातारीच्या लुडबुडीने वैतागतो, आणि त्याला उत्तर देताना त्या कधीही विजयी मुद्रा करत नाहीत.

त्यांच्या मार्पलमध्ये गोडवा आहे असे अनेक जण लिहितात. मला मात्र तिच्यातील कठोरपणा अधिक मोलाचा वाटतो. ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’मध्ये ग्लॅडिस ही साधीभोळी मोलकरीण मारली जाते आणि तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला आढळतो. ग्लॅडिसला घरकाम शिकवले होते मिस मार्पलने, त्यामुळे ही केवळ कोड्याची उकल राहत नाही. हिक्सन येथे आवाज चढवत नाहीत, डोळ्यांत पाणी आणत नाहीत, पण एका गरीब मुलीची मरणोत्तर झालेली ही विटंबना त्यांना किती संतापजनक वाटते ते त्यांच्या ताठ पाठीतूनही जाणवते. खुन्याविषयी त्यांच्या मनात दयेचा लवलेश नाही. ख्रिस्ती यांनी लिहिलेली बाई अशीच आहे: माणसांच्या दुष्टपणाविषयी तिला कोणताही भ्रम नाही.

या कामासाठी बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-दूरचित्रवाणी पुरस्काराकरिता त्यांचे नामांकन दोनदा झाले, तरी पुरस्कार मिळाला नाही, ही मला खरोखर अन्याय्य गोष्ट वाटते. १९८७ मध्ये त्यांना ओबीई हा किताब मिळाला, आणि तो देताना राणी एलिझाबेथ यांनी, ही भूमिका मनात जशी कल्पावी तशीच आपण करता, अशा आशयाचे उद्गार काढल्याचे प्रसिद्ध आहे. मालिकेनंतर त्यांनी अनेक मार्पल कथांचे ध्वनिमुद्रित वाचन केले. ज्यांना मालिका मिळणार नाही त्यांनी ते अवश्य ऐकावे. १७ ऑक्टोबर १९९८ रोजी, ९२ व्या वर्षी, कोलचेस्टर येथे त्यांचे निधन झाले. डेव्हन परगण्यातील सिडबरी येथे त्यांचे दफन झाले.

आता सुरुवात कोठून करावी याविषयी. माझ्या मते ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ प्रथम पाहावी. स्थानिक वर्तमानपत्रात खुनाची वेळ आणि जागा आधीच जाहीर होते आणि सारे गाव कुतूहलाने तेथे जमते, त्यामुळे ख्रिस्ती यांच्या खेड्याची ओळख त्यात सर्वांत चांगली होते. नंतर ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ आणि ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ पाहावी, आणि जमल्यास या दुसरीसोबत रदरफर्ड यांचा १९६१ चा चित्रपटही पाहावा, म्हणजे मिसेस किडर आणि मिस मार्पल या दोन्ही हिक्सन एकाच कथानकात भेटतील. ‘नेमेसिस’ शेवटी ठेवावी. तिची गती संथ आहे, पण वर सांगितलेला कठोरपणा तीत सर्वाधिक स्पष्ट दिसतो. ‘अ कॅरिबियन मिस्टरी’ मला तुलनेने फिकी वाटते, कारण बार्बाडोसच्या उन्हात ही बाई आपल्या गावापासून तुटल्यासारखी दिसते. तरी त्यातील अभिनेते डोनाल्ड प्लेझन्स यांच्याबरोबरचे तिचे प्रसंग चुकवू नयेत.