सदूकी वाचायला घेतोयस? मग आधी हे बघ

अरे एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेव, सदूकी म्हणजे प्राचीन यहुद्यांमधला याजक आणि बड्या घराण्यांचा पंथ, आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं काही उरलेलंच नाहीये, जे आहे ते जोसेफस (पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार), बायबलचा नवा करार नाहीतर रब्बींचं (यहुदी धर्मगुरूंचं), म्हणजे बरंचसं विरोधी पार्टीचं, त्यामुळे ते उर्मट होते वगैरे वाचलंस की लगेच मान डोलावू नको.

श्रद्धा पटकन कळतील. लिखित तोरा (मोशेचं नियमशास्त्र) तेवढा प्रमाण, परुशींच्या (त्यांच्या विरोधी यहुदी पंथाच्या) तोंडी परंपरा बंधनकारक नाहीत, पुनरुत्थान नाही, मेल्यावर आत्मापण संपला.

खरी मजा राजकारणात आहे. यहुद्यांचा शासक आणि मुख्य याजक जॉन हिर्कानस याचं परुशींशी बिनसलं म्हणून तो सदूकींकडे गेला आणि मग त्याची सून सलोमे अलेक्झांड्रा इ.स.पू. 76 ला गादीवर आली तर पारडं परत परुशींकडे! आणि इ.स. 62 चं अनानस प्रकरण नीट वाच, जुना रोमन गव्हर्नर वारलेला, नवा अजून वाटेत, तेवढ्यात या सदूकी मुख्य याजकाने न्यायसभा भरवून येशूच्या भावाला, याकोबाला, दगडमाराची शिक्षा दिली, आणि पदावर येऊन तीन महिने होतात तोच पद गेलं. पॉवर होती, पण रोमच्या मर्जीवर. इ.स. 70 ला जेरुसलेमचं मंदिर पडल्यावर सदूकीही फारसे दिसत नाहीत.

कुमरानच्या गुंडाळ्यांत (मृत समुद्राजवळ सापडलेली जुनी यहुदी हस्तलिखितं) मात्र आत्ताच शिरू नको, गोंधळशील.